सासऱ्यांच्या कातडीचे तीन नमुने

ब्रह्मदेवानं जग घडवून ते तपासणीसाठी माझ्या सासऱ्यांकडे पाठवलं असतं, तर ते अजून रांझीच्या फॅक्टरीच्या फाटकाबाहेर ट्रकमध्येच पडून राहिलं असतं. बाबूजींनी त्याच फॅक्टरीत उभी नोकरी माल तपासण्यात घालवली, आणि ते निवृत्त झाल्याचं फक्त फॅक्टरीला कळलं. घरात मापाची एक पोलादी कडी आहे. दिवाळीचा प्रत्येक लाडू तिच्यातून जातो. अडकला तो रिजेक्ट. रिजेक्ट लाडवांची विल्हेवाट जावयानं लावायची असते, म्हणून सासूबाई चार-सहा लाडू मुद्दाम मोठे वळतात, हे अजून बाबूजींच्या ध्यानात आलेलं नाही.

त्यांचा नियम एकच: तीन ठिकाणचे तीन नमुने, तेही स्वतः निवडलेले. सदर बाजारात संत्री घेताना टोपलीच्या वरचं, मधलं आणि तळचं असं एकेक उचलून ते इतका वेळ न्याहाळतात, की फळवाला एकदा वैतागून म्हणाला, "अंकलजी, संतरे से रिश्ता जोड़ना है क्या?" त्याला काय माहीत, रिश्ताही ते असाच जोडतात! माझ्या लग्नाआधी त्यांनी माझा न्हावी, माझ्या ऑफिसचा चपराशी आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू अशा तिघांना गाठून माझी चौकशी केली होती. निकाल मला कधीच कळवला नाही. लग्न झालं, त्यावरून मी आपला अंदाज बांधला.

या माणसाचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे सकाळचा चहा. कप काठोकाठ भरायचा, बशी घ्यायची नाही, आणि स्वयंपाकघरातून व्हरांड्यात सासूबाईंपर्यंत एक थेंब न सांडता न्यायचा. त्या दोघांचं लग्न झाल्यापासूनचा हा नेम. गेल्या वर्षी तो चहा सांडू लागला. बाबूजींनी आधी कप रिजेक्ट केला, मग फरशीवर पाणसळ ठेवून सगळं घर पूर्वेकडे कललं असल्याचं सिद्ध केलं. पण मग खुर्चीत नुसते बसले असतानाही उजवा हात थरथरू लागला, आणि तेव्हा घराला दोष देता येईना.

डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, चालवून पाहिलं. पार्किन्सनची शंका येते, म्हणाले. बाहेर आल्यावर बाबूजी भडकले. "नुसतं चालवून पाहिलं अन् शंका येते म्हणे! माप काहून नाही घेतलं? ये कोई इन्स्पेक्शन हुआ?" खरं तर डॉक्टरांचाही गुंता सुटत नव्हता. बाबूजी कित्येक वर्षं चक्करीच्या गोळ्या घेत होते आणि त्या गोळ्यांनीही अशी थरथर होऊ शकते. गोळ्यांची असेल तर हळूहळू जाईल, आजाराची असेल तर मुक्कामाला राहील. गोळ्या बंद करून महिने लोटले तरी थरथर होतीच. तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्वचेची बायोप्सी करू. मानेमागून, मांडीवरून आणि घोट्याजवळून कातडीचा एकेक कण घ्यायचा आणि तिच्यातल्या बारीक नसांत बिघडलेलं एक प्रथिन साठलंय का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. ही चाचणी नुसती मदत करते, शेवटचा निर्णय सगळं मिळूनच घ्यावा लागतो, हेही त्यांनी बजावलं. बाबूजींना त्यातलं "तीन ठिकाणं" एवढंच ऐकू आलं आणि चेहरा असा खुलला की विचारू नका!

बायोप्सीच्या दिवशी ते स्वतःच्या अंगावर निळ्या पेनानं तीन गोल काढून हजर झाले. जागा ठरलेल्या असतात, असं डॉक्टर म्हणताच यांनी हटकलं, "नमुना तपासणारा निवडतो, डॉक्टरसाहेब."

"बरोबर. पण आज तुम्ही माल आहात," डॉक्टर म्हणाले.

बाबूजींना उत्तर पटलं. तरी बाटल्यांवरची चिठ्ठी त्यांनी तीनदा वाचून घेतलीच.

नमुने दूरच्या शहरात गेले आणि आम्ही रिपोर्टची वाट पाहू लागलो. रोज सकाळी ते कप काठोकाठ भरायचे, सांडायचे आणि कुणाला हात लावू न देता स्वतः पुसायचे. एका संध्याकाळी आम्ही ग्वारीघाटावर गेलो. एरवी दिव्याची वात ताणून पाहणारे बाबूजी, त्यांनी हाताला आला तो द्रोण घेतला, नर्मदेत सोडला आणि हात जोडले. एकमेकांवर घट्ट दाबलेले ते हात हलत नव्हते. मला फार भीती वाटली.

रिपोर्ट आला. तिन्ही नमुन्यांत ते प्रथिन होतं. सगळं जुळतंय, पार्किन्सनच आहे, पण औषधांनी पुष्कळ फरक पडतो, असं डॉक्टर समजावत होते. बाबूजींनी फक्त "तिन्ही?" असं विचारलं. परतताना ऑटोत म्हणाले, "एखादा खराब निघाला तर पुन्हा नमुने घेता येतात. तिन्ही खराब म्हणजे लॉट गेला, जवाईबापू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला उठलेच नाहीत. सासूबाईंनी चहा केला, कप ओट्यावर ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. "अहो, आणून राहिले ना?"

बाबूजी उठून स्वयंपाकघरात गेले. "अर्धाच काहून?"

"मला आता अर्धाच पुरतो."

ते निघाले. कपातला चहा उसळत होता. मी उठणार होतो, बायकोनं हात धरला. चहा पोचला आणि थेंबही सांडला नव्हता.

"पास," सासूबाई म्हणाल्या.

"पास नाही. याला पिवळा ठिपका," बाबूजी म्हणाले. "दोष आहे, पण काम देते, चालवून घ्या. वरच्या साहेबाची सही लागते त्याला. नोकरीत मी कोणालाच दिला नाही."

"मंग द्या आता स्वतःले. सही मी करते."

बाबूजी माझ्याकडे वळले. "घरी एकदा दिला होता. न्हावी, चपराशी, भाडेकरू, तिघंही म्हणाले, पोरगा आळशी आहे. तिन्ही नमुने खराब, जवाईबापू. तरी पोरगी दिली."

मग माझा चहा आणायला ते स्वतः उठले, आणि मी त्यांना आणू दिला.