मोह न मोजलेलं जंगल

सोमवारी सकाळी माझा भाऊ धानाच्या बांधीवरून घरी आला. त्याने पाणी मागितलं. तो खाटेवर बसला आणि बसल्या जागीच गेला. पुढच्या सोमवारी त्याला प्रशिक्षणाला जायचं होतं.

आमचं गाव कुरखेडा तालुक्यातलं. गावालगतच्या जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मंजूर झाला, त्या दिवशी सगळे गुलाल उधळत होते आणि दादा विचारत होता, "आता याचं करायचं का?" हक्क मिळाला की जंगलाचा आराखडा करावा लागतो. काय किती आहे, काय तोडायचं, काय राखायचं, आग कशी थांबवायची. तो गावाने केला नाही, तर बाहेरचं कोणी टेबलावर बसून करून देतं आणि गाव खाली सह्या करतं. दादाला ते नको होतं. त्यासाठीच त्याने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम शोधून काढला होता. महिन्यातला एक आठवडा गडचिरोलीला वर्ग, बाकीचे दिवस आपापल्या जंगलात काम. ग्रामसभेने एकमताने त्याला निवडलं होतं.

पाचव्या दिवशी दादाच्या जलदानाचा विधी झाला. त्याच संध्याकाळी ग्रामसभा बसली.

"जागा रिकामी नाई ठेवत," अध्यक्षभाऊ म्हणाले. ते गोंड, सत्तरीचे. दादाला जंगल त्यांनीच शिकवलं. "बाई जाईल."

बाई म्हणजे मी. मराठीत एम. ए. करून तालुक्याच्या वाचनालयात काम करणारी.

"थे?" मागून कोणीतरी बोललं. "थे तं झाडाखाली बी पुस्तक वाचत बसते. अस्वल आलं तं त्याले म्हणंल, थांब, पान होऊ दे."

लोक हसले. आमच्या घरासमोर पाच दिवस सगळे हळू आवाजात बोलत होते, म्हणून ते हसणं मला बरं वाटलं. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या तिले. घरी बसून माझ्यासंग रडण्यापरीस बरं." मी गेले.

वर्गात आम्ही पंचवीसजण होतो. नकाशा वाचणं, जीपीएसवर हद्दीचे बिंदू घेणं, छातीच्या उंचीवर झाडाचा घेर मोजणं, बांबूच्या बेटातले यंदाचे कोंब न तोडता जुने बांबू कसे काढायचे, हे सगळं मी वहीत उतरवून घेत असे. अक्षर चांगलं, म्हणून सर माझी वही वर्गात फिरवत. पण जंगलात मी कच्ची होते. धावडा कोणता आणि ऐन कोणता, हे साल पाहून सांगायला मला तिसरा महिना उजाडला.

चौथ्या महिन्यात झाडांची मोजणी आली. जंगलात ठिकठिकाणी दोरीने चौकोन आखायचे आणि त्यातलं प्रत्येक झाड लिहायचं. अध्यक्षभाऊ, वहिनी आणि गावातल्या दोन बाया माझ्या गटात होत्या. अध्यक्षभाऊ झाडाचं नाव सांगत, घेर सांगत. मी लिहीत असे. असे तीस चौकोन आम्ही पुरे केले. इतके नीटनेटके तक्ते वर्गात दुसऱ्या कोणाचे नव्हते, आणि ते मला ठाऊक होतं.

सरांनी ते पाहिले, पानं मागेपुढे केली आणि विचारलं, "तुमच्या जंगलात मोह नाही?"

घुग्घुसकडून आलेले एक भाऊ म्हणाले, "मोह नाई? मंग गाव सणाले चहा पेते काय?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. "मोह नाही असं धरलं, तर तुमच्या आराखड्यात आगीचं कलम लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे उन्हाळ्यात आग कुठून सुरू होते?"

उत्तर मला येत होतं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पालापाचोळा पेटवतात. ती आग पुढे जंगलात शिरते, आणि लहान रोपं, बांबूचे कोंब सगळं जातं. मोहच कागदावर नाही, तर आगही नाही. दोन महिन्यांत आराखडा पुरा झाला नाही, तर तो बाहेरचं कोणी करणार होतं.

परत आल्यावर मी अध्यक्षभाऊंना घेऊन सातव्या चौकोनात गेले. दोरीच्या आत तीन मोठे मोह उभे होते. मोजणीच्या दिवशी त्यातल्याच एका खोडाला टेकून मी लिहिलं होतं.

"भाऊ, हे काऊन नाई सांगितले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या माणसाची त्यांना कीव येत असावी. "तू जंगलातले झाडं इचारले. हे जंगलाचे नोहोत. हे दोन तुमच्या घरचे, थो पल्याडचा माझा. कोणाच्या घरचं झाड जंगलात कसं मोजू?"

आमच्याकडे मोह घराघरांत वाटलेले असतात. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलांकडे. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाही. मीही याच गावची. मोजताना मोह सुटले, हे मलाही खटकलं नव्हतं.

ते खाली बसले. "तुमच्या मोहाखाली कधी जाळ पाह्यला?"

मी आठवून पाहिलं. नव्हता पाहिला.

"तुझा दादा खराटा घेऊन पाला झाडे. पोट्टे हासत, म्हणत, हा जंगलाले आंगण समजते. पण त्याच्या मोहापासून आग कधी नाई लागली."

मला ठाऊक नव्हतं. तो पहाटे जाई, मी तेव्हा झोपलेली असे.

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा मोजायला लागलो. या वेळी तक्त्यात मी एक रकाना वाढवला: हा मोह कोणत्या घरचा. दीड महिना लागला. मोह ज्या घरचा, त्याखालचा पाला त्या घराने झाडायचा, पेटवायचा नाही, असं कलम मी लिहिलं आणि ग्रामसभेत वाचलं. बराच वाद झाला. एक म्हातारी म्हणाली, "कंबर मोडंल माझी." तिचे मोह शेजारच्या दोन घरांनी झाडायचे ठरले. अस्वलाची थट्टा करणाऱ्यानेच सगळ्यांत आधी हात वर केला.

सरांनी तो रकाना पाहिला आणि वर्गाला म्हणाले, "हे माझ्या पुस्तकात नाही. उतरवून घ्या." पंचवीसजण आमच्या गावाची रीत वहीत लिहून घेत होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझ्या जागी दादा असता, तर त्याने लाजून मान खाली घातली असती. मी घातली नाही.

आराखडा ग्रामसभेने मंजूर केला आहे. त्यावर गावाचा शिक्का आहे. या उन्हाळ्यात आमच्या हद्दीत मोहाखालून आग लागली नाही. दादा नाही. त्याचं काम मी करते.