आशयचा श्वास आणि सुलभाताईंचं दही

सुलभाताईंनी दही सोडलं तेव्हा आशय सहावीत होता. त्याचा दमा इतका वाढला होता की शाळेचा जिना चढताना तो मधेच पायरीवर बसायचा. डॉक्टरांनी त्याचं थंड-आंबट बंद केलं. त्याच संध्याकाळी सुलभाताईंनी कुलदेवीला हात जोडून सांगितलं, पोराचा दम मोकळा होईपर्यंत मीही दह्याला शिवणार नाही. प्रत्येक जेवण दहीभातावर संपणाऱ्या बेंगळुरात हा नवस म्हणजे रोजची परीक्षा. शेजारची भाग्यलक्ष्मी चिडवायची, "अक्का, दही नाही तर जेवण संपलं हे पोटाला कळणार कसं?"

फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून डॉक्टरांनी फुंकायचं वाद्य सुचवलं. आशयचे बाबा अरविंद सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. त्यांचं म्हणणं, बासरी घ्या, स्वस्त असते आणि दप्तरात मावते. पण भाग्यलक्ष्मीच्या लेकीच्या लग्नात मंडपात सॅक्सोफोन वाजत होता आणि आशय जेवायचं सोडून त्या वादकासमोर मांडी घालून बसला. बासरीचा विषय तिथेच संपला.

पुढे कॉलेजात त्याच्या कानावर जॅझ पडलं. त्यात त्याला सगळ्यात काय आवडलं असेल, तर वादकाचा श्वास ऐकू येतो आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. स्वतःचा दमच त्याने वाजवण्याची रीत करून टाकली. छोटी ओळ वाजवायची, थांबायचं. त्या थांबलेल्या जागेत पियानोवरची अमृता उत्तर द्यायची. दिवसा तो सॉफ्टवेअरच्या चाचण्या करायचा आणि दर गुरुवारी कोरमंगलातल्या एका लहानशा हॉटेलात, ताटल्यांच्या खणखणाटात वाजवायचा. "याच्या वाजवण्यात जागा असते," असं लोक म्हणू लागले. रेकॉर्डिंगबद्दलही त्याचं मत पक्कं होतं : सगळ्यांनी एका खोलीत, एका वेळी वाजवायचं. चुकलं तर चुकलं. मुलाखतींत तो मान वर करून सांगायचा, "आम्ही कापत नाही."

पहिला अल्बम जे. पी. नगरातल्या एका तळघरातल्या स्टुडिओत झाला. आवाज येतो म्हणून पंखा बंद, एसी बंद. शेवटच्या धुनेपर्यंत आशयची छाती भरून आली. कळसाच्या लांब ओळीत त्याला चारदा श्वास घ्यावा लागला, तोही शिट्टी वाजल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण करणाऱ्या वादिराजने ती ओळ ऐकवली. चारही श्वास गायब! तुकडे असे जुळवले होते की सुरांचा एकच अखंड दोर खोलीभर पसरला.

"स्वल्प साफ केलं," वादिराज म्हणाला. "कसं आहे?"

"हा तू नाहीस," अमृता आशयला म्हणाली.

आशयने ते पुन्हा ऐकलं. कुठेही न बसता जिना चढून गेलेल्या मुलासारखं वाटत होतं.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "असू दे."

अल्बम आला त्या दिवशी सुलभाताईंनी स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून तो ऐकला. त्या ओळीपाशी त्यांनी मुलाबरोबर स्वतःचाही श्वास रोखला आणि अर्ध्यावरच त्यांना ठसका लागला. "अहो, ऐकलंत? मी गुदमरले, हा नाही गुदमरला!" संध्याकाळी त्यांनी देवीची ओटी भरली. मग पानात दहीभात घेतला. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचे डोळे वाहू लागले.

आशय दारात उभा होता. खिशातल्या हाताला इन्हेलर लागत होता. बोलायला त्याने तोंड उघडलं, पण आई पुढचा घास कालवत होती. इतक्या वर्षांनी दही खाणाऱ्या बाईला काय सांगायचं? तो खोलीत गेला आणि इन्हेलर सॅक्सोफोनच्या पेटीत, पुसायच्या फडक्याखाली दडवला.

त्यानंतर ती धून त्याने कधी वाजवली नाही. गुरुवारी फर्माइश झाली की म्हणायचा, "पुढच्या वेळी." मुलाखतीत मात्र "आम्ही कापत नाही" हे वाक्य सवयीने तोंडातून निघायचं आणि त्याचे कान तापायचे. घरी तो आईबरोबर जेवायला बसायचं टाळू लागला.

मग मराठी मंडळाचा कार्यक्रम ठरला. सुलभाताईंनी परस्पर जाहीर केलं, "आशू ती एका दमातली धून वाजवणार."

पडद्यामागे अमृता म्हणाली, "मी जोरात वाजवते. तुझे श्वास झाकले जातील."

"झाकू नकोस. जागा तशीच ठेव."

सुलभाताई पहिल्या रांगेत होत्या. लांब ओळ सुरू होताच त्यांनी शेजारणीचा हात धरून छाती भरून घेतली. त्या श्वास रोखून बसल्या होत्या, तेवढ्यात ध्वनिक्षेपकातून आशयचा श्वास घरघरत सभागृहभर गेला. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला सुलभाताईंनी शेजारणीचा हात सोडला. टाळ्या पडल्या. एक गृहस्थ आशयला येऊन सांगून गेले, "रेकॉर्डिंगमध्ये जास्त छान आहे हो."

घरी पानं वाढली. सुलभाताईंनी नवऱ्याला दही वाढलं, स्वतःच्या भातावर वरण घेतलं.

"अगं, दही घे की," अरविंद म्हणाले. "नवस फिटलाय ना?"

"उसनं खाल्लं ते. वर बसून देवीला सगळं ऐकू येत होतं आणि मी तिलाच सांगत होते, बघ माझ्या पोराचा दम!" त्यांची मान खाली गेली. "गावभर सांगत सुटले होते."

त्यांनी रागवावं असं आशयला फार वाटलं. त्या रागावल्या नाहीत. तो उठला, पेटी उघडून इन्हेलर आणला आणि ताटाशेजारी ठेवला.

सुलभाताईंनी तो उचलून पाहिला. "त्या पेटीत ठेवत होतास? केवढी धूळ असते तिथं!"

त्यांनी पदराने इन्हेलरचं तोंड नीट पुसून तो आशयच्या हातात दिला. मग दह्याचं भांडं झाकून आत ठेवलं.