माझ्या नावानं गेलेली ऋतुजा

फोन माझ्याच मोबाईलवर आला. दौंडच्या दवाखान्यातली बाई बोलत होती. "स्वातीच्या घरचं का? सोबतचं कुणी दिसत नाही इथं, रक्त आणायला गेलेत म्हणे. लवकर या. स्वाती गेली." मी झेंडूच्या वावरात उभी, कडंवर माझी दीड वर्षाची परी. स्वाती तर मी हाय. गेली ती माझी धाकली जाऊ, ऋतुजा. महिना होऊन गेला, पर अजून कुणी मला नावानं हाक मारली का काळजात धस्स होतंय...

ती शिरूरकडची. तुळशीचं लगीन झालं आन् लगीच तिचं लागलं, तवा सोळा पण पुरं न्हवतं तिला. माझं बी सतराव्या वर्षीच झालेलं, म्हणून मला त्यात काय वावगं वाटलं न्हाई, खोटं कशाला बोलू. राहू गावाला आमच्या घरी आली ती हसतच. फुलं तोडाया लागली का माझ्या आधी सरीच्या टोकाला पोचायची आन् तिथनं वरडायची, "म्हाताऱ्या बाई, या की लवकर!" मी ईस वर्षाची. सासूबाई दटवायच्या, "थोरल्या जावंला म्हातारी म्हणती, लाज हाय का?" तर ही म्हणायची, "आत्याबाई, मग तुम्हाला काय म्हणू?" सासूबाईंना पण हसू फुटायचं.

चैत्रात तिला दिवस गेले आन् घरातलं हसणंच थांबलं. आशाताई नाव नोंदवाया येणार, आधार कार्ड मागणार, त्यावर जन्मतारीख. वय कमी दिसलं का पोलीस केस होती, नवऱ्याला उचलत्यात, हे आमच्याकडं समद्यांना ठावं. मग घरात ठरलं, नोंदच करायची न्हाई, पोरीला मोकळी करायची. तिला कुणी ईचारलं न्हाई. सासूबाईंनी कुणाकडनं तरी गोळ्या आणल्या, डाक्टरची चिठ्ठी न्हाई का काय न्हाई. दोन दिवस तिच्या अंगावरनं लय गेलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, दोन गोधड्यांत थरथर कापाया लागली. मी म्हणले, "आत्याबाई, दवाखान्यात नेऊ." त्या म्हणल्या, "नेऊ, पर कुणाच्या कार्डावर?" त्याच्यातच एक अख्खा दिवस गेला... कुणाच्या कार्डावर. मग त्यांनी माझं मागितलं. मी दिलं. पर्समधनं काढून माझ्या हातानं दिलं. वाटलं, निदान नेत्याल तरी.

जीपमधी बसवताना तिनं माझा हात धरला. "ताई, तुमची जन्मतारीख सांगा ना, ईचारली तर?" मी सांगितली. ओठ पांढरंफट्ट पडलेलं, तरी शाळंत पाढं म्हणत्यात तशी पुटपुटत राह्यली. मग म्हणली, "आन् पोरं? एक मुलगी, परी. म्हंजी आता परी माझी. माघारी देणार न्हाई." मी म्हणले, "आधी तू माघारी ये, मग भांडू." ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

पंधरा दिवसांनी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. अशी बाई गेली का चौकशी करत्यात म्हणं. ओसरीवर बसून त्यांनी कागद वाचला, "स्वाती, वय वीस, एक मुलगी." सासूबाईंनी मला डोळ्यानं खुणावलं, आत जा. मी गेले पण आत. गॅसपाशी उभी राह्यले. भाईर सासूबाई सांगत होत्या, "आमची स्वाती लय गुणाची होती वो." परी माझा पाय धरून आई आई करत होती आन् मला वाटलं, हे असंच राह्यलं तर ऋतुजा कधी न्हवतीच. तिच्या आईनं कुठल्या कागदावर पोरीचं नाव बघायचं? परीला उचलली आन् आले भाईर. म्हणले, "बाई, स्वाती मी हाय. गेली ती ऋतुजा. सोळा वर्षाची होती."

सिस्टरांनी पेन खाली ठेवला. मग म्हणल्या, "अगं, रक्त जात असताना आम्ही कार्ड बघत बसतो का? पहिल्या दिवशी आणायची होती." ... आम्हाला हे कुणालाच ठावं न्हवतं.

आता पोलीस येऊन गेलेत. दिराला दोनदा बोलावलं. आमचं मालक माझ्याशी बोलत न्हाईत, सासूबाई म्हणत्यात, घर बुडवलंस. मला लय भ्या वाटतंय, उद्या हाकलून दिलं तर परीला घेऊन कुठं जाऊ. पर कागद दुरुस्त होईल, तिचं नाव लागंल, असं सिस्टर म्हणल्यात. कुणाच्या घरात अशी पोर तापानं पडली असंल, तर माझ्यागत कार्ड हुडकू नका. उचला आन् न्या.

माझ्या शिलाई मशीनवर तिचा लग्नातला ब्लाऊज तसाच पडलाय. लग्नानंतर रोज वावरात घालायची, तंग होतोय, उसवून मोठा करा म्हणून दिलेला. मला वाटलं दिवस गेल्यात, अंग भरलं असंल. पर तिला टेप लावून बघितली तर खांदाच बोटभर वाढलेला, बाही वर गेलेली. पाच महिन्यात. एका अंगाची शिवण मी उसवली, दुसरी राह्यली. सासूबाई म्हणत्यात, शिवून कुणाला तरी देऊन टाक. मी मशीनवर बसते, ब्लाऊज हातात घेते... आन् तशीच उठते. भाईरनं तो उन्हानं पार इटलाय. आत दुमडून ठेवलेलं दोन बोटं कापड तेवढं लग्नाच्या दिवशी होतं तसंच लालभडक हाय.