ओल्या तंबूंचं वजन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमची दोन मालवाहू विमानं पहाडातल्या त्या कच्च्या धावपट्टीवर उतरली. एका विमानाचा लोडमास्टर मी, पवनी तालुक्यातल्या आसगावचा. दुसऱ्याचा सार्जंट विलास मेश्राम, मोहाडीचा. विमानात किती माल चढेल अन् कुठे बांधला जाईल, हे पाहणारा माणूस म्हणजे लोडमास्टर.

आजही पवनीत कोणी भेटलं की म्हणतं, "ते जुनं विमान पडलं होतं ना?" माझं डोकं सणकतं. अरे, ते विमान पहाडासाठीच बनवलं होतं. पट्टीवरचे गोटे प्रोपेलरला लागू नयेत म्हणून इंजिनं पंखांच्या वर बसवलेली. मागचा दरवाजा खाली टेकला की जीप सरळ आत. पुढे त्यात नवे रेडिओ, नवी यंत्रं बसवून त्याचं आयुष्यही वाढवलं. खोटं वजन मात्र त्याला चालत नव्हतं. उंचावर हवा पातळ, ऊन चढलं की आणखी पातळ. मैदानातल्या वजनाच्या अर्धं उचललं तरी पुष्कळ.

रेशन उतरवलं. परतीला जवानांचे तंबू न्यायचे होते, ते घेऊन तुकडीचे मेजरसाहेब यायला दहा वाजले. रात्रभर पावसात भिजलेले. कागदावर वजन कोरड्या तंबूंचं. भिजलेल्या धानाचं पोतं किती जड होतं, हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी एक तंबू उचलून पाहिला अन् माझ्या विमानातले अर्धे खाली काढले. माझा कॅप्टन "ठीक आहे" म्हणाला.

दहा चाळीसला हातातल्या वायरलेस सेटवर विलासला बोलावलं.

"तंबू ओले आहेत. कागदावर जाऊ नको."

"मालूम आहे. मी उतरवून राहिलो, मेजरसाहेब परत चढवून राहिले. आजच पाह्यजे म्हणतात."

"वजनाच्या कागदावर सही करू नको."

"नाही करत."

त्याच्या कॅप्टननं रेडिओवरून वरच्या साहेबांना विचारलं. उत्तर आलं, "प्रोसीड," म्हणजे निघा. अकरा पाचला विमान उडालं. दरीच्या तोंडाशी वळताना त्याला उंचीच मिळाली नाही. मी पट्टीवरून पाहत होतो. आत सहा जण होते.

चौकशीत लिहिलं गेलं, लोडमास्टरची चूक. सेटवरचं बोलणं मी उभं राहून सांगितलं. "रेकॉर्डिंग आहे का?" एवढंच चौकशीवाल्यांनी विचारलं. बिनसहीचा कागद विमानासोबत जळाला अन् मेजरसाहेबांना बढती मिळाली. हरामखोर माणूस. त्याचा राग मला आजही येतो, अन् तो मी गिळणार नाही.

रिटायर झाल्यावर पहिल्यांदा मोहाडीला विलासच्या आईकडे गेलो. सगळं सांगितलं.

"म्हंजे माह्या पोरानं वजन नाही चुकवलं?"

"नाही, माय. त्यानं सहीच केली नाही."

 मग माय म्हणाली, "त्याले मालूम होतं, मंग बसला कायले? उतरून जायचं होतं."

"बाकीचे पाच जण बसले होते, माय."