जिनिंगच्या रांगेत वाजलेला अल्बम

माझा पहिला पूर्ण अल्बम तयार झाला तेव्हा तो घरच्यांत सगळ्यात आधी बाबांना ऐकवायचा असं मी ठरवलं होतं. लॅपटॉप, हेडफोन बॅगेत घालून मी पुण्याहून आमच्या गावी, पिंपळगाव राजाला आले, तर बाबा घरी नव्हते. आदल्या दिवशीच कापूस विकायला खामगावला जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यावर, गेले होते आणि तिथे ट्रॅक्टरांची रांग सरकत नव्हती. मी चपला काढायच्या आतच आई म्हणाली, "आलीच हायस तं डबा घेऊन जाय. कालपासून कचोरीवरच दिवस काढला असन त्यायनं."

मी सायकेडेलिक ट्रान्स करते. आमच्या घरात त्याला 'धडधड' म्हणतात. खाली एकाच गतीनं पळणारा ठोका, त्याच्या फटींतून दौडणारा बास, आणि वर सतत रूप बदलणारे आवाज. शब्द जवळपास नसतातच. इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवरच्या मैत्रिणीनं ते पहिल्यांदा ऐकवलं. बाकीच्या मुलींनी कान झाकले. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. हंगामात शेजारच्या वावरात मळणीयंत्र चालायचं, तेव्हा घरात बसूनही ते छातीत ऐकू यायचं, तसं काहीतरी. पदवी झाली, नोकरी लागली, सुटली, आणि मी हेच करत राहिले.

अल्बममध्ये आठ तुकडे होते आणि आठांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक अगदी संथ, पहाटेचा. एकात लग्नातला डफडा. एक आमच्या शेजारच्या पिंजारी चाचांच्या कापूस पिंजायच्या कमानीच्या टणत्कारावर उभा केलेला, त्यांच्या ओट्यावर बसून मी ते रेकॉर्ड केलं होतं, आणि चाचा दर खेपेला विचारायचे, "बेटा, गादी नाही भरायची तं कापूस काऊन पिंजू?" एका तुकड्यात बाया कापूस वेचताना बोलतायत. शेवटचा इतका लांब, की मलाच तो कुठं थांबवावा कळत नव्हतं. पुण्यातल्या एका मित्रानं सगळं ऐकून हेडफोन काढले आणि म्हणाला, "ही खिचडी झालीय गं. ऐकणाऱ्यानं नेमकं उभं कुठं राहायचं?" मी हट्टानं काही बदललं नाही, पण त्याचा प्रश्न माझ्यासोबत गावापर्यंत आला होता.

जिनिंगच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेनं ट्रॅक्टर आणि मेटॅडोर लागलेले. प्रत तपासणारा ग्रेडर आलेला नव्हता, म्हणून खरेदी बंद. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचा विषयच संपला असं सगळे म्हणाले होते, आणि बघता बघता आमच्या शिवारातली ज्वारी, मूग, तीळ जाऊन जिकडे तिकडे कापूसच झाला. मग गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून बोंड धडधाकट दिसायचं, फोडलं की आत पिवळी कवडी, अळीनं खाल्लेला, चिकटून बसलेला कापूस. त्या वर्षी प्रत्येक ट्रॉलीत थोडी कवडी होतीच, आणि ग्रेडर काय म्हणेल ही धास्ती प्रत्येकाच्या तोंडावर.

बाबा ट्रॉलीच्या सावलीत पोत्यावर बसले होते. त्यांनी डबा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "हे माही पोरगी. पुण्याले गाणे बनवते."

"म्हंते का?"

"म्हणत नाही. बनवते."

मी चकित झाले. बाबा माझ्या कामाबद्दल कधी चांगलं बोलले नव्हते, वाईटही नाही. माझ्या लग्नाचा विषय टाळावा तसा तो विषय आम्ही दोघांनी टाळलेला.

आमच्या पुढं वरवट बकाल गावच्या एका तरुणाचा ट्रॅक्टर होता. मडगार्डवर आरसे, झालरी, आणि सीटच्या मागं कपाटाएवढे दोन स्पीकर. तो खाली उडी मारून म्हणाला, "मंग लाव ना वं ताई! पेनड्राइव्ह आणला असशीन. इथं बसून माश्या मारून राह्यलो आमी."

पेनड्राइव्ह होता. तो त्याच्या हातात देणार, तोच बाबा म्हणाले, "थांब. आधी सांग त्यायले, काय हाय हे. न सांगता लावशीन तं लोकं म्हंतीन मशीन बिघडली."

मग त्यांनीच मला ट्रॉलीच्या दांड्यावर उभं केलं. मी पुण्यात सवय झालेल्या भाषेत सुरू झाले, "नमस्कार. हा माझा अल्बम म्हणजे वेगवेगळ्या ध्वनींचा एक प्रवास..."

मागून आवाज आला, "बातम्या लागल्या बे!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "आपल्या बोलीत सांग."

पुण्यात गेल्यावर पहिल्या महिन्यातच मी 'मले' आणि 'काऊन' गिळायला शिकले होते. त्या दिवशी, उन्हात, अनोळखी माणसांसमोर ते सगळं आपोआप बाहेर आलं. "भाऊ, काका, हे नाचाचं गाणं हाय. याच्यात हिरो नाही, हिरोइन नाही, बोल नाही. एक ठोका हाय, थो सुटत नाही. बाकी सगळं बदलत राह्यते. आठ गाणे हाय, आठी येगळे. मी कोणाले सोडलं नाही. वेचणाऱ्या बायायले घेतलं, चाचाले घेतलं, डफडेवाल्याले घेतलं. आवडलं तं आवडलं, नाही तं सांगजा, बंद करतो मी."

माझ्या संगीताबद्दल इतकं नीट मी कधीच कुठं बोलले नव्हते.

पहिला तुकडा सुरू झाला. कुणी हललं नाही. त्यात एके ठिकाणी सगळा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा दबत जातो आणि मग एकदम वर उसळतो. तो दबू लागताच वरवट बकालवाला "माहे स्पीकर गेले!" म्हणून ट्रॅक्टरवर चढला. तो वायर चाचपत असतानाच बास फुटला आणि स्पीकरची जाळी थरथरली. तो तसाच उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर हसू पसरलं. "हे स्पीकर असे वाजतेत?" तो म्हणाला. "मलेच माहीत नव्हतं!"

डफड्याला दोघे-तिघे नाचले, ते अपेक्षित होतं. पण पिंजाऱ्याच्या कमानीचा तुकडा लागला आणि फेटेवाले एक आजोबा रस्ता ओलांडून आले. कान स्पीकरकडे करून म्हणाले, "ही तं पिंजाऱ्याची कमान व्हय." मी हो म्हटलं. "साखरखेर्ड्याले माह्या मामाच्या घरी यायचा पिंजारी," ते म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसून राहिले. आवाज ऐकून जिनिंगमधल्या कामकरी बायाही तोंडावरचं फडकं खाली ओढत फाटकाशी आल्या.

मग वेचणीचा तुकडा. ठोक्यावर एक बाई म्हणते, "वरून पांढरं, आतून खाल्लं वं माय." तेच वाक्य मी तोडून, उलटवून, परत जोडून लयीत फिरवलं आहे. रांगेतलं हसणं थांबलं. एक मध्यम वयाचे शेतकरी पुढं आले. चिडलेले नव्हते, पण त्यांचा चेहरा कठीण झाला होता.

"पोरी, आमच्या नुकसानीवर नाचतेत का तुह्या पुण्याचे लोकं?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "हाव काका, नाचतेत. मीबी नाचतो. पण कोणी हसत नाही त्याच्यावर. बाया वेचताना बोलतेत, अन् हात चालूच राह्यते त्यायचे. मले तेच ठेवायचं होतं."

त्यांनी स्पीकरकडे बोट केलं. "आवाज कोणाचा हाय?"

"माह्या मायचा."

"मायचा हाय तं मंग तुहा हक्क हाय," ते म्हणाले आणि बाजूला सरले.

फाटकातली एक बाई मोठ्यानं बोलली, "आमचाबी घे ना वं एखाद दिवशी!" आणि त्या सगळ्या खिदळल्या.

मी बाबांकडे वळले. ते जेवायचे थांबले होते. भाकरीचा तुकडा हातातच. "हे तुही माय हाय?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीतच नव्हतं. दिवाळीत मी फोन घेऊन आईच्या मागं मागं वावरात फिरत होते, तेव्हा ते खतासाठी तालुक्याला गेले होते. ते उठले, हात धुतले, वरवट बकालवाल्याच्या ट्रॅक्टरपाशी गेले आणि म्हणाले, "भाऊ, थेच पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ते स्पीकरसमोर अगदी जवळ उभे राहून ऐकत होते. ठोक्यानं त्यांचा सदरा हलत होता. संपल्यावर रांगेतल्या कुणाला तरी त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आमच्या घरची बोलून राह्यली. अन् वाजवणारी आमची पोरगी." ट्रॉलीमागून मी ते ऐकलं आणि मला तोंड दुसरीकडे फिरवावं लागलं.

दुपारी ग्रेडर आला. तोवर पेनड्राइव्ह चार-पाच ट्रॅक्टर फिरून आला होता आणि पोरांनी तुकडे आपापल्या ट्रॅक्टरवर वाजवायला उतरवून घेतले होते. फाटक उघडलं आणि रांग हलली तेव्हा एका ट्रॅक्टरवर डफडा, मागच्यावर कमान, त्याच्याही मागं पहाटेचा संथ तुकडा, आणि सगळ्यांच्या मधून इंजिनांची घरघर. अशी खिचडी मी कधी ऐकली नव्हती, आणि मला ती फार आवडली. पुण्याच्या मित्राला मी जागेवरूनच फोन लावून फोन उंच धरला. त्याला काय कळलं देव जाणे. मला त्याला काही पटवून द्यायची गरज उरली नव्हती.

आमच्या कापसाची प्रत खालची लागली. तसंच होणार हे बाबांना माहीत होतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, ट्रॉली रिकामी केली आणि आम्ही घरी निघालो. आमच्या ट्रॅक्टरला साउंड नाही, म्हणून वाटेत मी मोबाइलवरच लावला. इंजिनापुढं काही ऐकू येत नव्हतं, तरी त्यांनी बंद कर म्हटलं नाही.

आईनं दारातच विचारलं, "भेटला का डबा?"

बाबा खाटेवर बसले आणि बोलायला लागले. स्पीकरवाला कसा घाबरला, आजोबा कसे बसून राहिले, जिनिंगच्या बाया काय म्हणाल्या. एकेका तुकड्याचं वर्णन ते हातवारे करत देत होते, काही ठिकाणी माझ्यापेक्षा बरं. आई चुलीसमोर बसून ऐकत होती. "तुहा आवाज आख्ख्या खामगावनं ऐकला," ते म्हणाले. "मले सांगितलंबी नाही तुमी दोघीनं."

"तुमी इचारलं कवा?" आई म्हणाली, आणि लाजून हसली.

"ते शेवटचं मात्र मले नाही समजलं," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. "लय लांब हाय. पण राहू दे. डवरणीच्या वक्ताले बरं हाय, बैलायमागं वावरभर चालत राह्यचं, तासामागं तास."