झोपलेलं आतडं आणि हुलग्याचं माडगं

आमचं नवरा-बायकोचं शेवटचं एकत्र काम म्हणजे हुलग्याचं माडगं. ती उकळत्या पाण्यात हुलग्याचं पीठ सोडत होती, मी पळी फिरवत होतो. "थांबू नका, गुठळ्या व्हत्यात," ती म्हणली. तरी झाल्याच. गुठळ्या ती नेहमी स्वतःच्या वाटीत घ्यायची. त्या दिवशीही घेतल्या. दुपारी धुणं वाळत घालताना खाली बसली, ती उठलीच नाही.

तेरावं झालं आणि मी ड्युटीवर गेलो. बीडच्या एका खाजगी दवाखान्यात मी वॉर्डबॉय आहे. सगळे मामा म्हणतात. या वयात मला बॉय म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. भूक गेलती ती गेलतीच. चहा आणि दोन बिस्किटं, यावर महिना काढला.

त्यात गयाबाई आली. लिंबागणेशची, सत्तरीची. तोंडात दात एक नाही, पण जीभ शाबूत. आतड्याला पीळ पडलता, ऑपरेशन झालं. असं ऑपरेशन झालं की आतडं काही दिवस झोपतं. ते जागं झाल्याची खूण म्हणजे गॅस सरणं. म्हणून आमच्या वॉर्डात राम राम नंतर, आधी "वारं सरलं का?" विचारतात. लाजायचं काम नाही.

चौथा दिवस उजाडला तरी गयाबाईचं पोट नगाऱ्यासारखं. आमच्या सर्जन मॅडमनी स्टेथो लावला. आत सगळं गप.

"संध्याकाळपर्यंत हललं नाही तर नाकातून नळी टाकावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर च्युइंगम चघळायला द्या."

"कशानं चघळू बाई? हिरड्यानं?" गयाबाई म्हणली.

तिचा पोरगा भडकला. "चार दिवस उपाशी ठिवलं आन् आता पोराटोरावानी गोळ्या द्यायलेत! मी चहाच पाजतो."

"एक घोट पाजलास तर उलटून छातीत जाईल," मी म्हणलो. "भायेर थांब बे."

मग मॅडमना विचारलं, त्या च्युइंगमनं होतं काय?

"तोंड हललं की मेंदूला वाटतं जेवण आलं. तो एका लांब नसेतून पोटाला निरोप धाडतो, तयारीला लागा. रक्तात हार्मोन सुटतात, ते दुसरे निरोपे. मग आतडं हलतं."

"आन् नुसतं जेवणाचं बोललं तर?"

"तोंडाला पाणी सुटलं तर थोडंफार तेच होतं. बघा करून. पण खायला काही द्यायचं नाही."

मी स्टूल ओढून बसलो. "आक्का, माडगं कसं करता?"

"कावून? तुमच्या घरी करीत न्हाईत व्हय?"

"करणारी गेली."

तिनं मान माझ्याकडं वळवली. "मग आइका," म्हणली. हुलगे किती भाजायचे, जिरं कधी टाकायचं, लसूण सालीसकट कसा ठेचायचा. सांगता सांगता तिनं दोनदा तोंडचं पाणी गिळलं. "आन् एकट्यानं करायचं तर उकळत्या पाण्यात पीठ सोडू नका. आदी गार पाण्यात कालवा. मी बारा वर्सं एकटीच करते."

तेवढ्यात पोट गुरगुरलं. मी खूश.

"माझं न्हाई वो," ती हसली. "तुमचं हाय."

खरंच माझं होतं. महिन्यात पहिल्यांदा.

चार वाजता तिचा पोरगा पळत आला. "मामा, आय पादली!" अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. मॅडमनी स्टेथो लावला, नळी रद्द केली, दोन घोट पाणी द्यायला सांगितलं.

मी छाती फुगवून उभा. मॅडम म्हणाल्या, "मामा, तुमच्या माडग्यानं झालं की वेळ आलीच होती म्हणून झालं, सांगता यायचं नाही."

घ्या. मी म्हणलो, "आन् माझी भूक कशानं गेलती?"

"दुःखात मेंदू भुकेचे निरोप दाबून ठेवतो. मोकळं व्हायला वेळ लागतो."

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच, की बिनदाताच्या माणसाला च्युइंगम लिहून देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवली. पीठ आधी गार पाण्यात कालवलं, लसूण ठेचून टाकला, एकट्यानं पळी फिरवली. तरी तीन गुठळ्या झाल्याच. माझ्या वाटीत आल्या. आधी त्याच खाल्ल्या.