रेंज नसलेलं बेट

अंदमानच्या एका लहानशा बेटावर पोवळ्याचा खडक लागून ह्यांचा तळपाय चिरला. औषधाच्या दुकानातून बँडेज, मलम घेतलं, पैसे द्यायला फोन काढला, तर रेंजच नाही. बेटावरचं एकुलतं एटीएमही बंद. पर्समध्ये एकही नोट नव्हती. ह्यांना दुकानातल्या बाकावर बसवून, फोन उंच धरून मी रस्त्यावर फिरत राहिले. खात्यात पैसे आहेत, हे कुणाला कसं पटवायचं? माणूस इतक्या सहज कफल्लक होतो?

शेवटी परत जाऊन बोटातली अंगठी काउंटरवर ठेवली. दुकानदारीण चपापली.

"दीदी, पहले ये पहन लो," म्हणत तिने पाण्याचा तांब्या आणला आणि ह्यांच्या पायाशी बसून जखम धुऊ लागली.

मी अंगठी उचलून बोटात घातली आणि तिच्या हातातला तांब्या घेऊन पाणी ओतू लागले.